रिकाम्या जात्याचं पान

ऐकीव गोष्ट असती तर मी थोडी सजवून सांगितली असती. ही माझ्यावरच गुदरली आहे. सजवायचा धीर होत नाही.

गेल्या मार्चमधला शुक्रवार. दुपारचे दोन.

हो, दुपारच. लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे आमचा मळा. मालेगावच्या अलीकडे, वाशिम रोडला लागून. वांगी, टमाटर, थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला विहिरीजवळची टिनाची खोली. मधे दोनशे पावलांचा सरळ बांध. डोळे मिटून चालावा असा.

मी तनुजा. या घरची सून. माझ्या सासूबाई गोजराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

आत्याबाईंच्या गळ्यात ओव्या होत्या. आणि त्याच गळ्यात गाठ निघाली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवलं. म्हणाले, "गाठ निघेल. आवाज जपला तर आवाजही राहील. पण तोवर मोठ्यानं एक शब्दही नको."

सुदैवानं त्याआधीच मी त्यांच्या चौतीस ओव्या फोनवर भरून घेतल्या होत्या. जात्यावर दोघी बसतात. एकीनं पहिली ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलून पुढची. पण आमच्या घरी दुसरी कोणी उरली नव्हती, म्हणून दोन्ही ओळी आत्याबाईच म्हणायच्या.

माझ्या बहिणीनं, सपनानं, एक वेबसाइट घेऊन दिली. ऑपरेशनच्या आधी पहिलं पान चढवायचंच, असं मी मनाशी बांधलं होतं. त्यांना ते बघता यावं. आवाज राहो न राहो.

"नेटवर गेल्या म्हंजे कोठी गेल्या वं?" आत्याबाईंनी कुजबुजत विचारलं.

"साऱ्या जगात. अमेरिकेतली बाईही ऐकीन."

"तिच्या घरी जातं हाये का?"

"नसन."

"मंग थे कायले ऐकते?"

आम्ही दोघी हसलो. त्यांचं हसणं बिनआवाजाचं.

पान बनवणं सोपं होतं. कडेला चौकटी असतात. मथळ्याची, फोटोची, आवाजाची, व्हिडिओची. बोटानं उचलायची, पानावर आणून ठेवायची. जशी दिसेल तशीच लोकांना दिसणार. अंगणात रांगोळीचे ठिपके मांडावे तसं मी ते मांडत गेले.

फक्त वरची जागा मोकळी वाटत होती. तिथं फिरतं जातं हवं होतं.

आमचं जातं आता लग्नाच्या हळदीपुरतंच फिरतं. मी ते पुसलं, फोन डब्याला टेकवून ठेवला.

"मूठभर ज्वारी घाल आंधी," आत्याबाई कुजबुजल्या.

"पीठ सांडते आत्याबाई, चित्र साफ येत नाई. दहा सेकंदाचं तं काम."

"रिकामं जातं फिरवत नसतात बाई. भुकेलं असते थे."

त्यांनी हात लावला नाही.

मग मीच बसले. एकटी. खुंटा धरला आणि दहा सेकंद रिकामं जातं फिरवलं.

घर्र... घर्र... घर्र...

आमच्याकडच्या लहान पोरीलाही माहीत असतं की हे करू नये. मलाही माहीत होतं. चित्र साफ यावं म्हणून केलं.

शुक्रवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन टिनाच्या खोलीत बसले. तिथं रेंज चांगली मिळते. माझे यजमान पवन टमाटर घेऊन वाशिमला गेले होते. आत्याबाई घरी पडल्या होत्या.

व्हिडिओ वरच्या चौकटीत ठेवला. सारखा फिरत राहावा असं बटण असतं, ते दाबलं. आवाज बंद केला. आणि पब्लिश केलं.

पान चढलं.

सपनाला फोन लावला. तिनं लगेच उघडलं.

"मस्त झालं वं ताई. आन जातं तं एकच नंबर. दोघीचे हात किती सुंदर आले."

"दोघीचे?"

"तुह्या हिरव्या बांगड्या, आन समोर मावशीचा हात. गोंदण तं कसं उठून दिसून राह्यलं."

सपनाची मावशी म्हणजे आत्याबाई. त्यांच्या हातावर गोंदण नाही.

मी फोन ठेवला. स्क्रीनकडे पाहिलं.

खुंट्यावर माझा हात होता. त्याच्या वर... आणखी एक हात होता. सावळा, बारीक. मनगटावर हिरवे ठिपके.

आवाज बंदच होता. मी पुन्हा तपासलं.

तरी ऐकू येत होतं.

घर्र... घर्र...

मी लॅपटॉप तसाच टाकून बाहेर पडले. बांध धरला. डावीकडे वांगी, उजवीकडे टमाटर, समोर घराच्या छपरावरचं कवेलू. चालत राहिले. घर जवळ आलं. दाराची कडी काढायला हात वर केला...

ती टिनाच्या खोलीची कडी होती.

आत लॅपटॉप. जातं फिरत होतं.

म्हटलं, ऊन लागलं. विहिरीवर तोंड धुतलं. पुन्हा निघाले. या वेळी पावलं मोजली. एकशे नव्वद... एकशे पंच्याण्णव... दोनशे.

समोर टिनाचं दार.

तिसऱ्यांदा मी कुंपणाच्या तारेवर हात ठेवून चालले. तार सरळ जाते, घराच्या भिंतीला बांधलेली आहे. बोटं सोलली तरी तार सोडली नाही. बांध कुठेच वळला नाही. मीही वळले नाही.

तार टिनाच्या खोलीशीच संपली.

वारा नव्हता. रोडवरून एकही गाडी जात नव्हती. वाशिम रोड, भर दुपार, आणि एक हॉर्न नाही. माझी सावली पायाशी होती ती तिथंच होती. किती वेळ झाला तेही कळेना.

माझ्याच मळ्यात मी, आणि मला बाहेर काढायला रस्ताच नव्हता. फक्त फेरा होता.

स्क्रीनवर पाहायचं नव्हतं. पाहिलं.

जात्याच्या कडेनं पीठ पडू लागलं होतं.

आत दाणा नव्हता. मी स्वतः पुसलं होतं ते जातं. तरी बारीक, पांढरं पीठ...

मी खाली पाहिलं. माझे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. धूळ असेल म्हणून बोट लावून पाहिलं. धूळ नव्हती.

 दारातच बसले आणि आत्याबाईंना फोन लावला. पवनचा लागतच नव्हता.

त्यांनी उचलला.

"आत्याबाई, मले घरी येताच येऊन नाई राह्यलं."

पलीकडे नुसता श्वास. मग कुजबुज. "रिकामं फिरवलं व्हतं थे... अजून फिरून राह्यलं का?"

"हो. थांबूनच नाई राह्यलं."

"समोर कोन हाये?"

मी सांगितलं. सावळा हात. मनगटावर ठिपके.

"किती ठिपके?"

"पाच... नाई. चार. एकाची जागा रिकामी हाये."



"पाय बाहीर टाकू नको. बस तिथंच. फोन ठेवू नको."

फोनमध्ये सुपाचा आवाज आला. ज्वारी ओतल्याचा. जातं ओढल्याचा. मला कळलं त्या काय करणार आहेत.

"आत्याबाई, नका. सोमवारी ऑपरेशन हाये. गळा..."

"गळा काय चाटाचा हाये का पोरी?"

आणि त्यांनी आवाज लावला. पूर्ण. मोकळा. फोनमधून आला, आणि मळ्यावरूनही आला.

*घास घे रे जात्या, ज्वारी आणली सुपात...*

एवढंच म्हणून त्या थांबल्या. पुढची ओळ त्यांनी म्हटली नाही.

ती माझ्या मागून आली. लॅपटॉपमधून.

*...तिची सून दे वापस, उभी उन्हाच्या झोतात.*

कोवळा आवाज होता. नव्या सुनेचा असतो तसा.

मी मागे वळले नाही. आत्याबाई पहिली ओळ म्हणत होत्या, ती दुसरी उचलत होती. एक ओवी, दुसरी, दहावी. कितीतरी ओव्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या. त्या चौतिसांत नव्हत्या. मधेच आत्याबाईंचा आवाज चिरायचा, तुटायचा, त्या पुन्हा जोडायच्या. मी दारात बसून रडत होते आणि थांबा म्हणवत नव्हतं.

सुपातली ज्वारी संपेपर्यंत त्या गायल्या.

मग रोडवर एक ट्रक गेला. हॉर्न वाजवत.

माझी सावली लांब झाली होती. साडेपाच वाजले होते.

मी पळत सुटले. दोनशे पावलं. घर आलं.

आत्याबाई जात्यापाशी बसल्या होत्या. पीठ पुष्कळ पडलं होतं. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

जात्याच्या पलीकडे एक फळी मांडलेली होती. बसायची. कोणासाठी मांडली ते मी विचारलं. त्यांनी ती उचलून भिंतीला लावून ठेवली.

आत्याबाईंसोबत दळायला कोण बसायचं, ते रात्री पवनला विचारलं. ते म्हणाले, "कौतिका काकू असन. आईची जाऊ. माह्या जन्माच्या आंधीच गेली. दोघी सोबत दळे म्हनतात. बाकी मले काई मालूम नाई."

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, गळा आतून चांगला आहे, आवाज यायला हवा.

वर्ष होत आलं. आलेला नाही.

त्या पानावरून तो व्हिडिओ मी सतरा वेळा काढला. चौकट उचलून टाकते, सेव्ह करते, पान पुन्हा उघडते. वर जातं फिरत असतं. सपना म्हणते, सगळं पानच उडव.

पण पानात ओव्या आहेत. फोन भरला म्हणून मी फोनमधल्या मूळ फायली पुसून टाकल्या होत्या. पानावरून उतरवून घेतल्या तर फाइल येते, आत आवाज नसतो. आत्याबाईंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला आहे. त्या पानावर. फिरत्या जात्याखाली.

डिलीट दाबलं की ते विचारतं, नक्की काढायचं का? मी आत्याबाईंकडे बघते. त्या मान हलवतात. नाही.

त्यांना रोज दुपारी ऐकायचं असतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन, कान टेकवून बसतात. पान उघडं असेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पवन हसतात. मी हसू देते.

त्या पानाचा पत्ता कृपा करून मागू नका.

आता हे लिहिते आहे तेव्हाही पान उघडं आहे. आत्याबाई ऐकत आहेत. ओवी त्यांची आहे, आवाज त्यांचा आहे. पण आज पहिल्यांदाच त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. खुंट्यावर आज तीन हात आहेत.

तिसरा म्हाताऱ्या बाईचा आहे. गोंदण नसलेला.

पवन बांधावरून हाक मारत आहेत. "तनुजा, अवं ये ना लवकर, भाजी भरायची हाये."

येते म्हणून दोनदा सांगितलं.

मी आत्याबाईंचा हात धरून बसले आहे. तो गरम आहे अजून.