कोरड्या आवाजातलं 'गेट'

निजामाच्या शहरात, आबिड्सच्या पोस्टात चारुलता एका म्हाताऱ्या गृहस्थांना भिंतीवरची इंग्रजी सूचना वाचून दाखवत होती, तेव्हा मागच्या रांगेतला एक तरुण कान टवकारून ऐकत होता. सूचना संपली तसा तो पुढे आला आणि म्हणाला, आवाज फार स्वच्छ आहे तुमचा... चिनी लोकांना चालेल. असली स्तुती चारुलतानं कधी ऐकली नव्हती. म्हणून तिनं त्याचं पुढचं ऐकून घेतलं आणि तिथंच फसली.

तो चिन्मय, पुण्याचा. जवळच्याच एका छोट्या कंपनीत चीनमधल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे धडे तयार करायचा. 'गेट' या एवढ्याशा शब्दानं त्याचा पिच्छा पुरवला होता. मिळणं, पोचणं, समजणं, म्हातारं होणं, लग्न करणं... इंग्रज सगळं त्या एकातच उरकतात आणि तिकडचे विद्यार्थी प्रश्न विचारून भंडावून सोडतात. मग एकेका अर्थासाठी चिन्मय वाक्य लिहायचा आणि चारुलता काचेच्या खोलीत माइकसमोर बसून वाचायची. अट एकच – आवाज कोरडा हवा. सुरावरूनच अर्थ ओळखता आला, तर पोरं शब्द शिकणार कधी?

अंबरपेठच्या हणमंतरावांची ही लेक घरात इथल्या हेलाच्या मराठीत बोलली की शेजाऱ्यांना ऐकू जायचं. तिला कोरडं व्हायला वेळ लागला, पण झाली. चहाच्या वेळी चिन्मय शेवटचं उस्मानिया बिस्किट तिच्याकडे सरकवायचा, तिनं घेतलं की उगाच खिडकीबाहेर बघायचा. चारुलता त्याच्या प्रेमात पडली ती अशी, बिस्किटं खाता खाता.

एक दिवस चहा घेताना तो म्हणाला, पुण्यात नोकरी मिळतेय, आई मागे लागलीय, संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिनं हातातलं बिस्किट तसंच बशीत ठेवलं; पण तोंडातून आलं ते, "छान झालं." अगदी माइकसमोर बोलावं तसं. हिला काहीच वाटत नाही, असं त्यानं गृहीत धरलं. भाव पुसायला आपणच शिकवलं, हे बिचाऱ्याच्या ध्यानातही आलं नाही.

चहानंतर वाचायचं वाक्य होतं – मला त्याची सवय झाली आहे. त्यातही 'गेट'च, 'गॉट यूज्ड टू हिम'मधला. चारुलतानं सुरुवात केली आणि आवाज कापला.

"पुन्हा घेऊ या," काचेपलीकडून चिन्मय म्हणाला.

दुसऱ्यांदा ती अर्ध्यावरच थांबली. इतके दिवस अहोजाहो करणारी ती एकदम अरेतुरेवर आली.

"नक्को वाचायला लावू, चिन्मय. खरं आहे ते... जाऊ नक्को ना तू."

चिन्मयनं समोरची वाक्यांची वही मिटली. मग त्यानं फोन उचलला. त्याचा माइक चालूच होता, त्यामुळे तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये शब्द न् शब्द येत होता.

"आई, मी येत नाहीये पुण्याला... हो, आहे एक मुलगी. इथलीच... हो गं, मराठीच आहे."

पलीकडून आई बराच वेळ काहीतरी विचारत होती. चिन्मय काचेतून चारुलताकडे बघत हसला. त्याचाही आवाज आता कोरडा राहिला नव्हता.

"नाही, आपल्यासारखी नाही बोलत. मलाच शिकावं लागेल."