मिटवामिटवी

गच्चीवर भाडेकरूंचे टी-शर्ट वाळत होते. त्यांच्या सावलीत घोंगडी अंथरून रेश्मा चाकूंचे फोटो काढत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी विकणार होती!

सासरे वाल्मीकतात्या गेले ते मुलांसाठी जांबे गावातली जमीन आणि ही इमारत ठेवून. सुनेसाठी मात्र त्यांनी ठेवला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात घडीचे चाकू होते, शिंगाच्या मुठीचे, पितळी, लाकडी, सगळे तेल लावून मिटवलेले. पूर्वी बांधावरून नाहीतर विहिरीवरून भांडण पेटलं की आसपासचे लोक तात्यांकडे यायचे. तात्या दोघांना चहा पाजायचे, चार शिव्या घालायचे आणि तोड काढायचे. मग भांडणाऱ्याच्या खिशातला चाकू मागून घ्यायचे, सगळ्यांसमोर खट्‌दिशी मिटवायचे आणि म्हणायचे, "मिटलं." तो चाकू पुन्हा कुणी मागायला आला नाही.

खालचा गाळा रिकामा होता. मोबाईलवाला मागत होता, सलूनवाला मागत होता. पण रेश्माला तिथे जुन्या वस्तूंचं दुकान टाकायचं होतं. नवरा किशोर आणि दीर रोहित यांनी तिच्यापुढे पैज ठेवली होती. "डबा रिकामा करून दाखव," किशोर म्हणाला होता, "गाळा तुझा." रोहितनं लगेच मान डोलावली होती. एक बोलला की दुसऱ्याची मान डोलायचीच, असे ते भाऊ. लग्न होऊन आल्यापासून रेश्मानं त्यांच्यात कधी चढा आवाज ऐकला नव्हता.

सासूबाई रंभाबाई तेवढ्या डब्याला हात लावत नव्हत्या. "ईक बाई," त्या म्हणाल्या, "पर मिटलेलं हाय ते मिटलेलंच ऱ्हाऊ दे."

"व्हय आत्या," रेश्मा म्हणाली. म्हातारीला बोट कापायची धास्ती, दुसरं काय!

तिनं मिटलेल्या चाकूंचे झकास फोटो टाकले आणि वाट पाहिली. कुणी ढुंकून बघेना. शेवटी लवळ्याला होस्टेलवर राहणाऱ्या किमया नावाच्या मुलीचा मेसेज आला, "ताई, ट्रेकला न्यायला हवाय, पण मिटलेला चाकू कसा घेणार? पातं तर दाखवा!"

रेश्मानं कपाळावर हात मारून घेतला. एवढी साधी गोष्ट! तिनं मोबाईल विटेला टेकवला, शिंगाच्या मुठीचा चाकू उचलला आणि खाचेत नख घातलं.

खट्.

पातं असं सुरेख निघालं की तिनं टाळीच वाजवली. रील टाकलं आणि दुपारपर्यंत चाकू खपला. रेश्मा दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेली आणि सासूबाईंच्या तोंडात साखरेची चिमूट कोंबून आली.

एकच घोळ झाला. चाकू परत मिटेना. तिनं तेल सोडलं, तळव्यानं रेटलं, पाट्याच्या कडेवर दाबलं. पातं जागचं हललं नाही. सावलीत पडलेलं असूनही ते हाताला कोमट लागत होतं. शेवटी पुठ्ठ्यात गुंडाळून तिनं चाकू तसाच पाठवला. आता परत येतोय म्हणून ती देव पाण्यात घालून बसली, तर किमयाचा मेसेज आला, "एकदम भारी, ताई! एका बोटानं मिटतो."

एका बोटानं? रेश्मा चक्रावली. मग पुढच्या तिघांनी चौकशी केलेली दिसली आणि ती सगळं विसरली.

हा पहिला चाकू उघडला होता त्याच संध्याकाळी किशोर बातमी घेऊन आला होता. "मारुंजीचा कोंडाजी म्हाईत हाय ना? त्याचं नि भावाचं बांधावरनं तात्यांनी मिटवलं हुतं, मी शाळंत असताना. आज दोघं पुन्हा फावडी घिऊन हुभी." तो हसला. "शिंगाची मूठ त्याचीच की गं."

"जमिनीला भाव काय आलाय बघा," रेश्मा म्हणाली. "भांडणं व्हनारच."

पितळी मुठीचा उघडला, त्या दिवशी एका विहिरीवर दोन घरं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. लाकडी उघडला आणि गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या दोन जावांनी चुली वेगळ्या केल्या. किशोर आता बातमी सांगताना हसत नव्हता. चाकूंचा आणि या भांडणांचा संबंध असेल हे रेश्माला पटत नव्हतं, आणि विचार करत बसायला सवडही नव्हती. फोन सारखा वाजत होता. कुरियरवाला तिला "मॅडम" म्हणू लागला होता. मनातल्या मनात तिनं गाळ्याच्या भिंतींना रंगसुद्धा दिला होता.

एके दुपारी डब्यात एकच चाकू उरला.

तो जुना नव्हता. मूठ काळी, बाजारात कुठेही मिळेल अशी. गिऱ्हाईक तयार होतं, फक्त रील हवं होतं.

"आत्या, ह्यो कुणाचा वं?"

रंभाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"ठावं न्हाई. आजारात रोहितला धाडून नवा आणाय लावला त्यांनी. अंथरुणावर बसून मिटवला, डब्यात टाकला."

"कुणाचं भांडण हुतं?"

"कुनीबी आलं न्हवतं त्या दिवशी," रंभाबाई म्हणाल्या. "घरात आमीच."

रेश्मा क्षणभर चाकूकडे पाहत राहिली. तिनं तो डब्यात परत ठेवला, पुन्हा उचलला. पण हा गेला की गाळा तिचा होता. एका चाकूसाठी आता थांबायचं?

ती गच्चीवर गेली. मोबाईल लावला. नख घातलं.

खट्.

ती कान देऊन बसली. खाली कुणी ओरडलं नाही. काही फुटलं नाही. वाऱ्यानं टी-शर्ट हलत होते.

"झालं की!" ती स्वतःशीच म्हणाली आणि मोठ्यानं हसली.

तेवढ्यात खालून किशोरची हाक आली. आवाज अगदी गोड.

"रेश्मा, खाली ये. गाळा बघ."

ती धावतच उतरली.

शटर वर होतं. आत दोन्ही भाऊ खुर्च्या टाकून बसले होते, किशोर डावीकडे आणि रोहित उजवीकडे. दोघांच्या मधून, मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारलेली होती. पाया आखताना मारतात तशी, सरळ.

"ह्ये काय?"

"काय न्हाई," किशोर म्हणाला.

"सोयीचं पडतं," रोहित म्हणाला.

दोघंही हसत होते. एकमेकांकडे मात्र पाहत नव्हते.

"कुणी मारली रेघ?"

त्यांचे हात स्वच्छ होते. फक्कीची पिशवी कुठेच दिसत नव्हती.

"वहिनी," रोहित मऊ आवाजात म्हणाला, "तुमी कुटल्या बाजूला बसनार?"

रेश्मानं खाली पाहिलं. ती आली तेव्हा रेघ उंबऱ्याच्या आतच संपत होती. आता ती तिच्या दोन पावलांच्या मधून मागे गेली होती, पार जिन्यापर्यंत.