डहाळी कोणी हलवली?

"पाच पॉइंट, एक दिवस आणि दोन सायकली," निशिगंधाने जाहीर केलं.

"त्यातल्या एकीला ब्रेक नाही," रूपेश म्हणाला.

"ती तू घे."

"मीच का?"

"तू मोठा आहेस. मोठ्यांनी त्याग करायचा असतो."

निशिगंधा वरोरची. तिचे बाबा होडी घेऊन समुद्रात जात. दर दिवाळीच्या सुट्टीत ती उधव्याजवळच्या या पाड्यावर शितलमावशीकडे येई. मावशी इथल्या शाळेत शिक्षिका होती. रूपेश आणि तानी ही पाड्यावरचीच चुलत भावंडं. रूपेश आठवीत, तानी सातवीत. तिघांची गट्टी जुनी होती, पण या वर्षी तानी फारशी बोलत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नदीला धरून डांबरी रस्ता झाला आणि मुंबई-सुरतेच्या गाड्या येऊ लागल्या. नदी तीच, दगडही तेच. पण ज्या खडकावर पाड्यावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या धुणं आपटत आल्या, तो रातोरात 'सेल्फी पॉइंट' झाला. मग मॅगीचा पॉइंट, सूर्यास्ताचा पॉइंट, तंबूंचा पॉइंट आणि बोटिंगचा पॉइंट. खडकाला कोणी विचारलं नाही, बायकांनाही नाही.

"बोटिंगला मी येणार नाही," तानी म्हणाली. "मी वर रस्त्यावर थांबेन."

कोणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतं.

बोटिंगच्या जागेजवळ नदीचा जुना उतार होता. पलीकडच्या शेतातून माणसं तिथूनच गुडघाभर पाण्यातून ये-जा करत. पण पावसाळ्यात पूर येऊन जातो आणि तळाची वाळू उपसून नवे खड्डे पाडून जातो. कुठला खड्डा यंदा कुठे आहे, हे वरून दिसत नाही. म्हणून पाऊस सरला की पाड्यातला एक जाणता माणूस लांब बांबूने पाणी चाचपत उताराभर फिरे, आणि जिथे बांबू बुडे तिथे करंजाची जाड, पानांसकट डहाळी रोवे. डहाळी दिसली की तिथे पाय टाकायचा नाही. नसली की बिनघोर चालायचं. पाड्यातलं शेंबडं पोरही हे जाणून होतं.

वीस वर्षं हे काम तानीचे बाबा, सदू, करत होते. गेल्या वर्षीही त्यांनीच डहाळ्या रोवल्या, अंगात ताप असताना. आणि दिवाळीतल्या वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी तानीचा मोठा भाऊ लाहू डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन पलीकडून येताना खड्ड्यात गेला. खड्ड्यावर डहाळी नव्हती. ती पंधरा पावलं दूर, उथळ पाण्यात, काठाला घट्ट रोवलेली सापडली.

सदूला तोंडावर कोणी काही बोललं नाही. न बोलताच सगळं बोलून झालं. तापात चुकला, लोकांनी मनात म्हटलं, आणि सदूनेही तेच धरून ठेवलं. त्या दिवसापासून त्याने घरात लाहूचं नाव घेतलं नव्हतं. जेवायला तो सगळ्यांचं झाल्यावर बसे. यंदा डहाळ्या रोवायला पाड्यातले सर्वांत वयस्क धोंडीआजा गेले. सदूला कोणी हाक मारली नाही आणि तोही उठला नाही. तानीला आपला भाऊ परत मिळणार नाही हे कळत होतं. पण बाबा तर घरातच होते, आणि तेही तिला मिळत नव्हते.

सेल्फी पॉइंट झाला, मॅगी झाली. रूपेशने उतरणीवर सायकल थांबवायला दोन्ही चपला झिजवल्या. बोटिंगपाशी दोघं खाली गेली आणि तानी वर थांबली. न बघायचं ठरवूनही तिची नजर पाण्यावर गेली.

खड्डा कुठे आहे ते तिला पाठ होतं. यंदाही पुराने तो तिथेच ठेवला होता. तीन दिवसांपूर्वी धोंडीआजांनी त्यावर डहाळी रोवताना ती याच जागी उभी होती. आता तिथे नुसतं चकाकतं पाणी होतं. डहाळी काठापाशी उभी होती आणि तिला लाल होडी बांधली होती.

तेवढ्यात पाहुण्यांतला सहा-सात वर्षांचा एक मुलगा चेंडूमागे पाण्यात शिरला आणि सरळ त्या चकाकत्या पाण्याकडे निघाला.

तानी उतरणीवरून धावत सुटली. तिने मोठा दगड उचलून मुलाच्या पुढे पाण्यात भिरकावला. डुबुक्! उथळ पाण्यात दगड असा वाजत नाही. मुलगा दचकून जागीच थांबला, रूपेशने पाण्यात शिरून त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि त्याची आई ओरडली, "दगड का मारतेस गं पोराला?"

तानीने लाल होडीतलं वल्हं घेतलं आणि मुलगा थांबला होता तिथून दोन हात पुढे पाण्यात उभं सोडलं. ते मुठीपर्यंत आत गेलं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मुलाला पोटाशी घेतलं.

बोटिंगचे गुजराती मालक जतीनभाई धावत आले.

"ही डहाळी कोणी हलवली?" तानीने विचारलं.

"ते झाड ने? अरे बेटा, फोटोमध्ये बरोबर मध्येच येतं. आम्ही दर वर्षी काढतो. होडी बांधायला कामाला येतं."

"दर वर्षी?"

जतीनभाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ही कोणाची मुलगी, ते बहुधा तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे या वर्षी," ते घाईने म्हणाले. "गेल्या वर्षी तर आम्ही हातपण लावला नव्हता."

तानी मागे सरली. ती वाळूवर बसली.

"खोटं बोलतोय," रूपेश दात-ओठ खात म्हणाला. "मी विचारतोच त्याला."

"तू विचारलंस तर तो नाहीच म्हणेल," निशिगंधा हळूच म्हणाली. "वरोरला मासळी घेताना आई कधी म्हणत नाही की ताजी आहे का. ती म्हणते, वा, काय मासळी आहे, जरा वर करून दाखवा. तू तोंड मिटून उभा राहा."

ती जतीनभाईंकडे गेली, वेणी पुढे घेऊन, अगदी गुणी मुलीसारखी.

"काका, शाळेत सुट्टीचा प्रकल्प करायचाय. नदीकाठची पर्यटनस्थळं. तुमच्या बोटिंगचं उद्घाटन खूप थाटात झालं होतं म्हणे."

"थाट म्हणजे काय!" जतीनभाई खुलले. "वापीहून मंडप आणला होता."

"फोटो असतील ना? पहिल्यापासूनचे सगळे लागतील."

जतीनभाईंनी फोन काढला. स्तुतीपुढे माणसाला सावधपणा सुचत नाही, आणि जतीनभाईंना तर तो आधीही फारसा सुचत नसे. त्यांनी एकवीस फोटो मावशीच्या नंबरवर पाठवून दिले, वर प्रकल्पात आपलं नाव मोठ्या अक्षरांत घालायला सांगितलं.

मावशीच्या ओट्यावर तिन्ही डोकी फोनवर वाकली. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत तारीख होती, १६ ऑक्टोबर २०१७. गेल्या वर्षीची वाघबारस. चौथ्या फोटोत माणसं झेंडूची तोरणं बांधत होती आणि त्यांच्यामागे नदीत, बरोबर खड्ड्यावर, करंजाची डहाळी उभी होती. नवव्या फोटोत जतीनभाई हसत होते, डहाळी काठाला होती, तिला होडी बांधलेली, आणि मागचं पाणी मोकळं होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी दादा..." तानी म्हणाली.

मावशीने फोन हातात घेतला आणि तडक धोंडीआजांचं घर गाठलं. दुपार कलायच्या आत पाडा नदीवर जमला. फोटो बघून जतीनभाईंचा चेहरा उतरला.

"मला कोणी सांगितलंच नाही की ती खूण आहे," ते म्हणाले. "कोणी झाड टोचून ठेवलंय असं वाटलं."

"तू विचारलं कोनाला?" धोंडीआजा म्हणाले. "पानी आमचं रोजचं. एक सबूद विचारला असतास."

 संध्याकाळपर्यंत बोटिंग बंद झालं. पोलिसपाटलांनी तक्रार लिहून घेतली, सोबत फोटोही घेतले. धोंडीआजांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "आमची एवढी डोकी पिकली, पन एकाला सुचलं नाय," ते म्हणाले. "पोरांनी पाड्याचं नाव राखलं." मग ते सगळ्यांदेखत म्हणाले, "सदूचं आमी चुकीचं धरलं."

पण सदू तिथे नव्हता. तानी फोन घेऊन घरी धावली. सबंध वाटेत तिला एकच दिसत होतं: बाबा फोटो बघतील, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल, आणि आज ते सगळ्यांबरोबर जेवायला बसतील.

सदू अंगणात दोरी वळत होता. तिने दोन्ही फोटो दाखवले, तारीख वाचून दाखवली. त्याने चौथा फोटो पुन्हा मागितला. डहाळीवर बोट ठेवून तो पाहत राहिला.

"जाग्यावर हाय," तो म्हणाला.

"हो बाबा. तुम्ही बरोबर रोवली होती. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

आणि सदू रडू लागला. वर्षभर जो माणूस डोळे कोरडे ठेवून वावरला, तो मोठ्याने, लहान मुलासारखा रडला. लाहू, लाहू म्हणून हाका मारू लागला. तानी घाबरली. आपण काही वाईट तर नाही ना केलं? तिची आई, बायजा, दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "इतके दिवस तो सोताला शिव्याच देत होता. पोरासाठी रडायचं राहूनच गेलं त्याचं."

तेव्हा तानीचाही बांध फुटला. तिला वाटलं होतं खरं कळलं की दुःख कमी होईल, आणि इथे तर दादा आज पुन्हा गेला होता. नदीवरून कौतुकाचे आवाज येत होते. कोणीतरी तिचं नाव घेत होतं. ती बाबांना बिलगून बसली. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि ते म्हणाले,

"तुझा दादा येडा नव्हता गं. खूण बघूनच उतरला होता."