मागचं रस्त्यात राहतंय

घोड्यांना नाल ठोकणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य घोड्याच्या पोटाखाली जातं आणि उरलेलं रस्त्यावर. या नालबंदाचं दोन्हीकडे एकट्यानंच गेलं होतं. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. जीवाभावाची म्हणावी अशी लांब दिलेली एक ताई, तिचाही फोन रविवारी यायचा. जुन्या पिकअप ट्रकने चढावर मान टाकली, तेव्हा तीच म्हणाली, "आता नवीच गाडी घे. कधीतरी स्वतःची हौस कर बाबा."

शोरूममधल्या विक्रेत्याने त्याला नव्या मॉडेलभोवती प्रदक्षिणाच घालायला लावली. मागच्या बंपरला चढायला पायऱ्या दिल्या होत्या. हौद्यात विजेचा सॉकेट होता, म्हणजे नाल घासायचं यंत्र थेट गाडीवर चालणार. मागची फळी उघडली की तिचंच कामाचं टेबल व्हायचं. काचा जाड, आत बाहेरचा आवाज म्हणून येत नव्हता.

"आणि काका, ट्रेलर जोडला की हिला आपोआप कळतं. लांबी, वजन, सगळं. वळण, ब्रेक, सगळं त्या हिशेबानं सांभाळते."

"मला कुठला ट्रेलर? सडाफटिंग माणूस मी."

"असू द्या हो. लागतो कधीतरी."

गाडी गुणाची निघाली. ऐरण चढवताना कंबर धरेनाशी झाली. फक्त तिची शांतता त्याच्या अंगवळणी पडेना. जुनी गाडी खडखडायची, कुरकुरायची. शेजारी कुणी म्हातारं बडबडत बसल्यासारखं वाटायचं. हिच्यात त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

एकदा भर दुपारी तो माळावरच्या चौरस्त्याशी जेवायला थांबला. आसपास झाड नव्हतं की घर नव्हतं. डबा धुऊन त्याने गाडी सुरू केली, तर समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ट्रेलर जोडला आहे. खाली 'हो' आणि 'नाही'.

तो उतरून मागे गेला. ट्रेलर अडकवायचा आकडा रिकामा होता, त्यावरचा कोरा रंगसुद्धा शाबूत होता. त्याने 'नाही' दाबलं. पुढच्या चढाला गाडी जडच वाटली.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने तारा तपासल्या, सेन्सर बदलला, एक चक्कर मारून आला. "दोष काही नाही," किल्ली परत देताना तो म्हणाला आणि जरा घुटमळला. "ओढते मात्र खरी."

नालबंदाने आकडाच खोलून घरी ठेवला. तरी अक्षरं उमटायची ती उमटलीच.

"अजून पुढे घ्या," पंपावरची मुलगी हात हलवत म्हणाली. "मागचं रस्त्यात राहतंय."

"मागचं काय?"

तिने मान वळवून पाहिलं. मग डिझेलची नळी टाकीत खोचली आणि तो जाईपर्यंत पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

नेहमीच्या तबेल्यातली एक म्हातारी घोडी त्याच्या मांडीवर खूर देऊन खुशाल पेंगायची. त्या आठवड्यात ती पेंगली नाही. कान ताठ करून ती गाडीच्या मागे, मोकळ्या जागेकडे बघत राहिली. हवा थंड असून तिच्या मानेवर घाम आला होता. मग ती हळूच एका अंगाला सरकली.

"कुणाला जागा देतेय ही?" तिची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने विचारलं. नालबंदाने खिळ्यावर हातोडी मारली आणि पहिल्यांदाच त्याचा घाव चुकला.

रविवारी त्याने ताईपाशी विषय काढून पाहिला. "वेळेवर जेवतोस ना तू?" तिने विचारलं. विषय तिथंच संपला.

एका संध्याकाळी तो उतारावरून घरी येत होता. ब्रेक दाबला तसा मागून रेटा आला, भरल्या वजनाचा, सावकाश. त्याच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्यासोबतच मनात येऊन गेलं, की आपल्या भरवशावर आपल्यामागून कुणी यावं, असं आयुष्यात कधी झालंच नव्हतं.

पडद्यावर आज नवा प्रश्न होता. हा ट्रेलर लक्षात ठेवायचा?

बोट सवयीने 'नाही'वर गेलं.

आरशात नुसता रस्ता होता आणि विझत चाललेला उजेड.

त्याने 'हो' दाबलं.

रेटा थांबला. वजन तेवढंच राहिलं, पण पाऊल जुळलेल्या सोबत्यासारखं मुकाट मागून येऊ लागलं.

घरासमोर त्याने गाडी नेहमीपेक्षा बरीच पुढे घेतली. इंजिन बंद केलं. पडदा विझला नाही.

ट्रेलरचं दार उघडं आहे.

तो स्टिअरिंग धरून बसून राहिला.

ट्रेलरचं दार बंद आहे.

मग पडदा विझला.

तो उतरला. मागे पाहिलं नाही. अंगणातली खडी पायाखाली करकरत होती. दाराशी तो थांबला. करकर जराशी उशिराने थांबली.

कुलूप काढून तो आत गेला आणि दार धरून उभा राहिला, एका माणसाला आत यायला लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ.

"या," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

दार लोटून तो अंधारात भिंत चाचपत पुढे गेला. दिव्याचं बटण हाताला लागलं.

त्याच वेळी मागे दाराची कडी लागली.