धुक्यात सोडलेला हात

हे ऐकीव नाही. माझ्याच बाबतीत घडलंय. मी श्रीरामपूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. खात्री नसेल ते मी सहसा बोलत नाही.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे अकरा चाळीस. राहुरीच्या पुढे, मुळा धरणाच्या बाजूला एक खासगी वनस्पती उद्यान आहे. नाव सांगत नाही.

मी, नवरा सुनील, सासूबाई आक्काबाई आणि आमची सहा वर्षांची ज्ञानेश्वरी, म्हणजे ज्ञानू.

तिथे दमट जंगलातल्या झाडांचं काचघर आहे. दर वीस मिनिटांनी आत बारीक फवारे सुटतात. नव्वद सेकंद पांढरं धुकं... स्वतःची बोटंही दिसत नाहीत.

"मी न्हाई येत बाई त्या भट्टीत," सासूबाई म्हणाल्या. "इडली व्हईल माझी."

सुनील त्यांच्याजवळ चिंचेखाली थांबला.

काचघराच्या दारावर राखणीला रंगुबाई होत्या. "फवारा चालू आसला की दार उघडत न्हाई, ओल जाती. तेवढा पोरीचा हात सोडू नका."

"एवढ्याशा घरात कुठे हरवेल?" मी हसले.

त्या हसल्या नाहीत.

आम्ही दोघी आत गेलो. फवारा सुटला. मी ज्ञानूचा हात धरला. गार होता. फवाऱ्याचं पाणी अंगावर पडलं की हात गार पडतोच.

"आई, हे कशाचं पान?"

"अळूच्या कुळातलं, बाळा."

पंप थांबला. धुकं मात्र गेलं नाही...

मोबाईल वाजला. सुनील.

"अगं, किती वेळ? ज्ञानूची भेळ संपली इथं."

फोनमध्येच, त्याच्या मागून तिचा आवाज आला, "बाबा, अजून शेव!"

माझ्या हातातला हात... तसाच होता.

मी विचार केला. तिकडे सुनील तिला डोळ्यांनी बघत होता. मला इथे काहीच दिसत नव्हतं.

मी हात सोडला.

"आई...?"

अगदी जवळून.

मी चाचपडत दार गाठलं, बडवलं. रंगुबाईंनी उघडलं. माझ्या मागे पाहिलं.

"पोरगी कुठंय?"

"बाहेर. वडिलांजवळ."

"दोघी आत गेल्तात. मी हितनं हालले न्हाई."

सुनील म्हणतो, ज्ञानू दारातूनच पळत परत आली. मी एकटीच आत गेले.

धुकं विरल्यावर सुनील आणि रंगुबाईंनी काचघराचा कोपरा न् कोपरा पाहिला.

कुणी नव्हतं.

ज्ञानू बरी आहे. खाते, खेळते, शाळेत जाते. "ऊन लागलं आसंल तुला," सासूबाई म्हणतात. असेल. पण त्या दिवसाबद्दल मी ज्ञानूला काही विचारलेलं नाही. विचारवत नाही...

काल शाळेतून येताना रस्ता ओलांडायचा होता. मी हात पुढे केला. तिने धरला. मान वर न करता म्हणाली,

"आई, आता सोडू नको हं. मागच्या वेळी मला खूप चालावं लागलं."

उसाचे ट्रॅक्टर निघून गेले. रस्ता मोकळा झाला.

आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.