पेवात सोडलेला बल्ब

ही गोष्ट घडलेली आहे. पटली तर पटली.

साल १९८८. वैशाख. पालमपासून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की एक वाडी लागते. तिथं आश्रुबाच्या मुलीच्या लग्नाची ती आदली संध्याकाळ होती. अमावस्या नव्हती, पौर्णिमाही नव्हती. नुसती दिवेलागणीची वेळ. अंगणात बायका डाळ निवडत होत्या, पोरं मंडपाच्या खांबांना झोंबत होती. भुतानं यावं असं त्या संध्याकाळीत काहीच नव्हतं.

तरी घडलं.

आणि त्याची सुरुवात झाली, ती अंगदनं जनरेटर निवडला तिथून.

अंगद पालमचा. घरची मेंढरं, पण यानं मेंढरं सोडून लाउडस्पीकर धरला. लग्नात लायटिंग करायची, भोंगा लावायचा, हा त्याचा धंदा. बाप टोमणा मारायचा, "मेंढरू हाक मारली की येतं. तुझी लाईट येती का?"

बापाचं काही चूक नव्हतं. ऐन मंगलाष्टकात वीज जायची आणि वऱ्हाडी अंगदकडं असे बघायचे, जणू त्यानंच ती खिशात घातली.

जोडीला धाकटा भाऊ उमाजी. आई गेली तेव्हा उमाजी पाळण्यात होता. अंगदनं त्याला खांद्यावर वाढवला, बाशिंगही स्वतःच बांधलं. पण उमाजीचा स्वभाव आगाऊ. खांबावर चढायचं असो की विहिरीत उतरायचं, "व्हा बाजूला" म्हणून हा पुढं. याच्या जिवाला आपल्या धंद्यात काही झालं तर काय करायचं, ही एकच काळजी अंगदला रात्रंदिवस खायची.

तर जनरेटर घ्यायचं ठरलं.

आधी दोघं भाऊ परभणीला गेले. दुकानात नवं कोरं, लालभडक मशीन. दुकानदारानं दोरी ओढली आणि असा धडधडाट सुरू झाला की समोरचा चहावाला उठून बघायला आला. बल्ब लावून पाहिला, तर तो सारखा मिचमिचत होता.

"ह्या आवाजात नवरदेवाला सावधान तरी ऐकू यील का?" उमाजी म्हणाला.

तेवढ्यात कुणीतरी पाथरीचं नाव सांगितलं. एका घरी वापरलेला जनरेटर विकायचा आहे. मालक भुजंग गेल्या साली वारला, बायको पार्वतीबाई मशीन काढून टाकायचं म्हणते.

दोघं एस.टी.नं पाथरीला गेले.

मशीन ओट्यावर पोत्याखाली झाकलेलं होतं. अंगदनं आधी उचलून पाहिलं. दोन माणसांत सहज बैलगाडीत चढेल असं वजन. मग दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू. पेट्रोलवर तापू दिलं, कॉक फिरवून रॉकेलवर घेतलं, तरी कुरकुर नाही. आवाज खालच्या सुरात, एकसारखा. सगळे बल्ब जोडले, तर एकही मिचमिचला नाही.

असं मशीन नशिबानं मिळतं, अंगद मनात म्हणाला.

पार्वतीबाई मात्र दोरी ओढताच घरात गेली होती. मशीन बंद झालं तेव्हाच बाहेर आली.

"न्या, भाऊ. पण एक ऐका. ह्याच्या उजेडात कुणाला खाली उतरवू नका."

"खाली म्हंजी?"

"हीर, आड, पेव... कुठंबी."

मालक कशानं गेले, हे अंगदच्या जिभेवर आलं होतं. पण विधवेच्या दारात उभं राहून असलं विचारायचं कसं? त्यानं विचारलं नाही. आणि आपण तर मंडपात दिवे टांगणार, आपला खाली उतरायचा काय संबंध?

मशीन पालमला आलं.

पहिल्याच लग्नात सगळ्यांनी नावाजलं. पंगती उजेडात उठल्या. कुणाच्या पानात किडा पडला नाही.

ते आधी बरं वाटलं...

मग अंगदच्या लक्षात आलं. उन्हाळ्याचे दिवस, रानाला लागून मंडप. एरवी बल्बभोवती पाखरांचा नुसता खच पडतो. इथं एकाही बल्बाजवळ एक चिलट नव्हतं. शेजारच्या कंदिलावर मात्र पतंग आपटत होते.

आपल्या दिव्यांना सगळे जीव टाळून चालले होते.

त्याच लग्नात उमाजी मशीनजवळून उठून आला.

"दादा, खालून कुणीतरी बोलायलंय."

"कुठून खालून?"

"मशीनीच्या खालून. जमिनीतून आल्यासारखं."

"काय बोलायलंय?"

"'वर वढा' म्हणायलंय."

अंगद हसला. "सायलेन्सर ढिला झाला असंल. पाना घेऊन आवळ."

उमाजीनं आवळला. तरी त्यानंतर तो मशीनकडं पाठ करून बसायचा नाही. अंगदनंही एकदा कान लावला. धडधड... धडधड... आणि तिच्या तळाशी काहीतरी. पण शब्द होता की भास, ते कळेना. धंदा भरात आला होता. त्यानं तो भास ठरवून टाकला.

आणि मग आश्रुबाच्या घरचं लग्न आलं.

वीज दुपारीच गेलेली. गोठ्यामागं मशीन लावलं, उमाजीला तिथं बसवलं आणि अंगद मंडपात वायर ओढायला लागला. तेवढ्यात आश्रुबाच्या लक्षात आलं की भाकरीला ज्वारी पुरणार नाही. पेव उघडायला पाहिजे.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर तोंड माणूस जाईल एवढंच, आत खोली मावेल एवढी जागा. ज्वारी भरून वरून बुजवतात आणि लागेल तेव्हा उघडतात. उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. दिवसभर पेवाला वारं लागू देतात. मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. ज्योत जगली तर माणूस जगेल. ज्योत विझली तर आतली हवा अजून जहरी आहे. हे तिकडच्या लेकराबाळालाही ठाऊक असतं.

पेव उघडलं तशी आश्रुबाची म्हातारी आई बायनाबाई म्हणालीच, "कंदील सोडा रं आधी."

आश्रुबा घाईत होता. "कंदील कामून, माय? हितं एवढी मोठी लाईट हाय. बल्बच सोडतो आत."

वायर लांबवली. बल्ब पेवात सोडला. आत लख्ख उजेड पडला. पिवळीधमक ज्वारी वरून दिसायला लागली. विझण्याचं नावच नाही.

सगळ्यांना वाटलं, हवा चांगली आहे.

बल्बला हवा लागत नाही, हे त्या घाईत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"कोण उतरतंय?" आश्रुबानं विचारलं.

उमाजी मशीन सोडून पुढं आला होता. "व्हा बाजूला," तो म्हणाला. कमरेला दोर बांधून घेतला आणि आत उतरला.

अंगद मंडपाच्या पलीकडच्या टोकाला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो माळेतला शेवटचा बल्ब बसवत होता.

आणि आवाज थांबला...

मशीन बंद पडलं, असं त्याला वाटलं. त्यानं मान वर केली.

दिवे चालू होते.

सगळे दिवे चालू, एकही मिचमिचत नव्हता. फक्त मशीनचा आवाज नव्हता. बायकांची बडबड ऐकू येत होती, पोरांचा दंगा ऐकू येत होता. आणि जिथं धडधड असायला हवी, तिथं काहीच नव्हतं.

त्या रिकाम्या जागेतून हाक आली. पायाखालून. दमलेल्या माणसाची.

"वर वढा..."

 या वेळी अंगदला ती भास म्हणून सोडून देता येत नव्हती. त्याची नजर मशीनकडं गेली. तिथं उमाजी नव्हता. मशीनमधून एक जादा वायर निघून अंगणाच्या कोपऱ्यात, जमिनीत गेली होती.

पार्वतीबाईचं बोलणं त्याला तेव्हा कळलं.

तो धावत सुटला. "वढा! वर वढा त्याला!"

"आरं, आत्ताच उतरलाय," आश्रुबा म्हणाला.

अंगदनं त्याच्या हातातला दोर हिसकावला. आत उजेड होता. ज्वारीवर उमाजी कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. हाक मारली, तर हलला नाही.

अंगदनं दोर ओढला. हलेना.

उमाजी काटकुळा माणूस, त्याला अंगद एका हातानं उचलायचा. आता आश्रुबा आला, आणखी दोघं आले, चौघांनी पाय रोवून ओढलं, तरी दोर इंचाइंचानं सरकत होता. तळहात सोलून निघाले.

"काहीतरी आडकलंय," कुणीतरी म्हणालं.

काही अडकलं नव्हतं. वजन होतं. चौघांनाही ते हातात कळत होतं.

उमाजीचं डोकं पेवाच्या तोंडाशी आलं... आणि दोर एकदम हलका झाला. चौघंही मागं पडले. उमाजी मातीवर येऊन पडला.

अंगदनं त्याला मांडीवर घेतलं. तोंड निळं पडलेलं. अंगद रडत होता आणि त्याच्या छातीवर थापा मारत होता. बायनाबाई पदरानं वारा घालत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग उमाजीनं श्वास घेतला.

मशीनचा धडधडाट पुन्हा सुरू झाला होता. कधी, ते कुणालाच सांगता आलं नाही.

आश्रुबानं कंदील पेटवून पेवात सोडला. निम्म्यावर जायच्या आत ज्योत विझली. शेजारी बल्ब लख्ख जळत होता.

उमाजी डोळे उघडून पेवाकडं बघत होता.

"दादा... त्यालाबी घ्या की वर."

"कुणाला?"

"मला खालून उचलून देत होता त्यो."

लग्न दुसऱ्या दिवशी झालं, कंदिलांच्या उजेडात. अंगदनं मशीनला पुन्हा हात लावला, तो फक्त गाडीत घालायला.

पाथरीला तो एकटाच गेला. पार्वतीबाई दारातच होती. मशीन बघून तिनं ओळखलं.

"कोण उतरलं?"

"भाऊ. वाचला."

ती खाली बसली. मग हळूहळू बोलली. भुजंगही पेवातच गेला होता, घरच्याच. त्यानं ह्याच मशीनवरचा बल्ब आत सोडला होता, उजेड बघून तो असाच उतरला होता. वर दोर धरून पार्वतीबाई होती.

"त्यांनी हाक मारली असंल हो, भाऊ. ह्या मशीनीच्या आवाजात मला ऐकूच आली न्हाई."

 अंगदनं ऐकलेलं सगळं सांगितलं. हाक सांगितली. दोराचं वजन सांगितलं. सांगायला नको होतं, हे त्याला नंतर कळलं.

पार्वतीबाई एकटक त्याच्याकडं बघत होती.

"दोर हलका कुठं झाला?"

"पेवाच्या तोंडाशी."

"म्हंजी वरपातूर आले व्हते," ती म्हणाली. "अन तुमी भावाला धरलं."

त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर अंगदला बरं वाटलं असतं.

गाडीवाल्यानं हात लावून मशीन ओट्यावर उतरवलं, गाडी गेली आणि अंगद चालत निघाला. गल्लीच्या वळणावर पोचला असेल नसेल, मागून दोरी ओढल्याचा आवाज आला. पहिल्या झटक्यात मशीन चालू झालं.

अंगदनं वळून पाहिलं. पार्वतीबाई मशीनला एक बल्ब जोडून त्याच्यापुढं बसली होती. पदर बाजूला सारून, कान जमिनीला लावून.

धडधड... धडधड...

आणि आवाज थांबला.

ओट्यावरचा बल्ब जळतच होता.

अंगद पळत स्टँडवर आला आणि मिळेल त्या गाडीत बसला. त्या शांततेत पार्वतीबाईला काय ऐकू आलं, आणि तिनं त्यावर काय केलं, हे विचारायला तो पुन्हा कधी पाथरीला गेला नाही. उमाजी अजूनही त्याला जा म्हणतो.