भिंतीतली वेणी

भिंतीत ऋजुता बसली होती आणि पोह्यांचा घास तोंडाशी नेत होती. खरी ऋजुता मात्र त्या भिंतीसमोर उभी होती, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

ती डावीकडे सरकली. भिंतीतली मुलगी हलली नाही. हिनं जीभ काढून दाखवली, तरी तिचा घास तसाच अर्ध्यावर. डोळे टक्क उघडे, पापणीसुद्धा लवत नव्हती. आणि तिच्या खांद्यावरून पुढे आलेली लांबलचक वेणी! ऋजुतानं मानेमागे हात फिरवला. तिथे वेणी नव्हतीच. उकाड्याला कंटाळून कालच दुपारी तिनं ती कापून टाकली होती.

"नाना," ती हळूच म्हणाली, "भिंतीत कुणीतरी आहे."

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. सारा जन्म रेडिओ दुर्बिणी बांधण्यात घालवलेले, कुठल्याही गोष्टीला न घाबरणारे शास्त्रज्ञ. पण आज त्यांनीही चष्मा वर करून त्या मुलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्यांचं घर होतं जमिनीखाली. त्या काळी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उन्हाळा इतका तापे, की माणसांनी काळा खडक फोडून आत घरं केली होती. खडकातल्या घराला खिडक्या कुठून असणार? म्हणून भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत पडदे होते. त्यांवर कधी बाहेरचं माळरान दिसे, कधी त्या आरशाचं काम करत. पण आरसा आपल्याला आत्ताचं दाखवतो, कालचं नाही.

"तुम्ही दोघं कुठे बघताय?" मागून आवाज आला.

ऋजुता वळली आणि पटकन एक पाऊल मागे सरकली. दारात खंडू उभा होता. खंडू हा घर सांभाळणारा यंत्रमानव. डोक्याच्या जागी असलेल्या पडद्यावर त्याचा चेहरा असे: दोन गोल डोळे आणि नानांनी हौसेनं काढून दिलेल्या झुबकेदार मिशा. आत्ता तिथे नुसता काळोख होता.

"खंडू, तुझा चेहरा कुठाय?"

"मला कसं कळणार? मला माझा चेहरा आरशातही ओळखू येत नाही," खंडू म्हणाला. "पण स्वयंपाकघराच्या भिंतीत कुणीतरी मिशीवालं आहे. मी बोललो, तर उत्तर देत नाही."

ऋजुताला नानांचा हात धरावासा वाटला, आणि तिनं तो धरला.

हे सगळं सुरू झालं होतं दुपारी. ऋजुताची आई, डॉक्टर शाल्मली, मंगळावरच्या तळावर काम करत होती. उद्या तिची तुकडी तिथल्या खोल गुहेत उतरणार होती, ती थेट वर्षभरानं वर येणार. गुहेतून संदेश येत नाहीत. म्हणजे आज भेट झाली तर झाली. तळावर नुकतीच चित्रं पाठवण्याची नवी पद्धत आली होती, आणि ती चित्रं उलगडायला आणि आपली तिकडे पाठवायला एक नवंकोरं सॉफ्टवेअर लागे. त्याचं नाव 'झरोका'. ते प्रायोगिक (अजून नीट तपासून व्हायचं आहे असं) होतं. ते बसलं नाही, तर आईची चित्रं साठवून पुढेमागे कधीतरी पाहता आली असती. पण आईला आज ऋजुता दिसली नसती.

"मंगळ डोंगरापासून तीन मुठी वर," खंडू म्हणाला. हात लांब करून मूठ धरायची आणि आभाळ मोजायचं, ही नानांनी शिकवलेली रीत. खंडू मात्र घरात बसूनच, छपरावरची संदेश पकडणारी तबकडी किती झुकली आहे त्यावरून मुठी सांगे. मंगळ डोंगराआड गेला, की त्या तबकडीला काही ऐकू येणार नव्हतं.

"नाना, ती भिंतीतली मुलगी भूत आहे का?"

"भूतच, पण चित्राचं," नाना खुर्चीत टेकत म्हणाले. "ग्राफिक्स मेमरी (पडद्यावरचं चित्र तात्पुरतं ठेवायची जागा) म्हणजे एक पाटी समज. पडदा दर क्षणाला पाटी पुसतो आणि नवं चित्र काढतो. पुसणारा आणि काढणाराच निघून गेला, तर पाटीवर काय राहील?"

"आधीचं काहीतरी."

"तेच तू बघते आहेस. काल सकाळची तू."

"पण पुसणारा गेला कुठे?"

नानांनी चष्मा काढून पुसला. मग ओशाळून म्हणाले, "मीच घालवला."

घरातले सगळे संगणक लिनक्सवर (जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही मोकळेपणानं वापरता येणारी संगणकप्रणाली) चालत. त्यात पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअरची गाठोडी आणून जागच्या जागी लावणारा कारभारी) असतो. नाना त्याला कोठावळा म्हणत. दुपारी नानांनी कोठावळ्याला सांगितलं, 'झरोका आण.' कोठावळा म्हणाला, 'झरोक्याला रंगवाहिनीची नववी आवृत्ती लागते.' रंगवाहिनी ही लायब्ररी (अनेक सॉफ्टवेअरनी मिळून वापरायचा तयार भाग). पडद्यावर रंग भरायचं काम तिचं. नाना म्हणाले, 'आण.' कोठावळा म्हणाला, 'घरात सहावी आहे. नववी आणायची तर सहावी काढावी लागेल, आणि सहावीच्या आधारावर उभं असलेलं सगळंच काढावं लागेल. हो की नाही?'

"मी विचारलं होतं, काय काय जाणार ते वाचून दाखवू का," खंडू म्हणाला. "तुम्ही म्हणालात, वाचतोस कसला, हो म्हण."

"घरच्या कार्यात कुणाला नाही म्हणायची सवय नाही रे मला."

"त्यात माझं नाव होतं, नाना."

काळ्या पडद्यामागून आलेल्या त्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो ऐकवेना. आवाजाला रंगवाहिनी लागत नाही. म्हणून खंडूचा आवाज शाबूत होता आणि चेहरा गेला होता. भिंती गेल्या होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चालू होता तो फक्त नानांच्या टेबलावरचा छोटा पडदा, नुसत्या अक्षरांचा.

"मग आता नववी आली ना? झरोका चालू करा."

"तिथेच तर घोडं अडलंय. झरोक्याला नववी हवी. त्याला आणखी 'किरणसूत्र'ही हवं, कारण तबकडीकडून संदेश तेच घेतं. आणि किरणसूत्राला काय हवं?"

"काय?"

"सहावी! जुन्या तबकडीचं जुनं सॉफ्टवेअर. त्याला नववीची भाषाच कळत नाही. याला म्हणतात डिपेंडन्सी (एकाला चालण्यासाठी दुसऱ्याची गरज). झरोका म्हणतो नववी असेल तरच येतो, किरणसूत्र म्हणतं सहावी असेल तरच येतं, आणि कोठावळ्याकडे रंगवाहिनीला जागा एकच."

"दोन मुठी," खंडू म्हणाला.

नानांनी बाह्या सरसावल्या. "नियम गेले खड्ड्यात. दामटून बसवतो!" त्यांनी कोठावळ्याला गरजा न तपासण्याचा हुकूम दिला, किरणसूत्रही तसंच कोंबलं आणि झरोका चालू केला.

समोरच्या भिंतीवरची वेणीवाली ऋजुता विरघळली. तिच्या जागी हिरवा उजेड पसरला आणि त्यातून एक डोळा उघडला. मग त्याच्या खाली दुसरा. मग बाजूला आणखी एक. भिंतभर डोळेच डोळे, प्रत्येक आपापल्या वेळेला मिटणारा. कपाळाच्या जागी ओठ होते आणि ते हलत होते, पण आवाज घशातून खडे घरंगळल्यासारखा येत होता. ऋजुताला ते डोळे ओळखीचे वाटले आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली. ते आईचे होते.

"बंद करा! नाना, बंद करा ते!"

भिंत काळी झाली. ऋजुता हुंदके देत खाली बसली. तिला आईला भेटायचं होतं, आणि आता डोळे मिटले की तीच भिंत दिसत होती. आईची आठवण म्हणून हेच उरलं तर?

नानांनी तिला जवळ घेतलं. "चुकलं माझं. गरज भागवल्याशिवाय कुणाला कामाला जुंपलं, की असंच व्हायचं. झरोका नववीकडे डोळे कुठे मांडायचे विचारतो, किरणसूत्र सहावीच्या मापानं तुकडे देतं, आणि चेहरा बसतो भलतीकडेच. तुझ्या आईच्या लग्नात हेच होणार होतं."

"लग्नात?" ऋजुतानं नाक पुसलं.

"अप्पाकाका आणि बाळमामा. मानाची टोपी आधी कुणाला, यावरून दोघांचं वाजलेलं. काका म्हणे, मामा पंगतीला असेल तर मी उठतो. मामा म्हणे, काका असेल तर मी पाटावर बसत नाही. दोघांशिवाय कार्य होईना. मी दोघांना ओढून एका पंगतीत बसवणार होतो."

"मग?"

"नवरी मुंडावळ्या सावरत बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, दोन पंगती मांडा. एक मांडवात, एक मागे शाळेच्या खोलीत. दोघंही पोटभर जेवले."

ऋजुता उठून उभी राहिली. "नाना, मग संगणकात एकच पंगत का?"

तिनं टेबलावरच्या छोट्या पडद्याकडे बोट केलं.

"सहावीला आपल्या जागी परत आणा. तिच्या पंगतीला खंडूचा चेहरा, भिंती आणि किरणसूत्र. आणि नववीला वेगळी खोली. तिथे झरोका एकटाच जेवेल!"

"कंटेनर!" नानांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मुख्य प्रणालीला धक्का न लावता आत वेगळं सामान लावता येईल अशी बंद खोली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण थांब. झरोक्याला किरणसूत्राकडून चित्र घ्यायचंय. खोल्या वेगळ्या झाल्या तर ते पोहोचणार कसं?"

"लग्नात मागच्या खोलीत भात कसा पोहोचला?"

"वाढपी," नाना सावकाश म्हणाले. "वाढप्याचं कुणाशीच भांडण नसतं."

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला त्यांनी एक छोटी फट ठेवली आणि तिथे एक साधासा प्रोग्रॅम उभा केला. इकडून आलेलं तिकडे द्यायचं आणि तिकडून आलेलं इकडे, एवढंच त्याचं काम. कोठावळ्यानं पुन्हा विचारलं, 'हो की नाही?' या वेळी नानांनी खंडूला सगळं मोठ्यानं वाचायला लावलं आणि मगच हो म्हटलं.

आधी खंडूच्या डोक्यावर दोन गोल डोळे उगवले. मग मिशा आल्या.

"नाकाखालीच आहेत ना?" त्यानं विचारलं.

"तिथेच आहेत," ऋजुता म्हणाली. तिनं त्याच्या गार पडद्याला गाल लावला.

भिंत उजळली. ऋजुतानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते उघडायचा तिला धीर होईना. मग आवाज आला, "बाबा, ऋजू, माझ्याकडे अजून काळा पडदाच दिसतोय. पण मी बसलेय हं. उठणार नाही." ऋजुतानं डोळे उघडले. समोर आई होती. दोन डोळे, खाली नाक, खाली ओठ, सगळं जागच्या जागी. मागे तांबूस माती आणि फिकट आभाळ.

"एक मूठ आणि वर थोडंसं," खंडू म्हणाला.

मंगळापर्यंत प्रकाशालाही वेळ लागतो. आपलं चित्र जायला आणि आईचं उत्तर यायला मिळून अर्ध्या तासाहून जास्त. ऋजुता कॅमेऱ्यासमोर बसली आणि सुचेल ते बोलत सुटली. शाळेचं, खंडूच्या मिशांचं, नानांच्या 'हो'चं. मग बोलणं संपलं आणि नुसतं बसून राहणं उरलं. आपण दिसलो का? की त्या बाजूलाही भिंतभर डोळेच गेले? समोर आई अजून काळ्या पडद्याकडेच पाहत होती, मध्येच घड्याळाकडे, पुन्हा पडद्याकडे. खंडूची मूठ केव्हाच संपली होती. आता तो बोटं मोजत होता, आणि शेवटी बोटंही मोजेना.

तेवढ्यात आईचे डोळे एकदम मोठे झाले. ती पुढे झुकली, अगदी भिंतीला नाक लागेल इतकी.

"अगं बाई, ऋजू! वेणी कुठे गेली तुझी?"

ऋजुता हसायला आणि रडायला एकदमच लागली. वेणीबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे आईला ती दिसली होती. कालची नाही, आजची, अशी केस कापलेली.

आई हसली आणि तिनं हात वर केला. मंगळ डोंगराआड गेला. आवाज थांबला, चित्र जागीच थिजलं. हात वर, ओठांवर हसू, पापणी न लवणारे डोळे.

"झरोका पाटी पुसायला विसरला बघ," नाना म्हणाले. "कच्चाच आहे अजून. ज्यांनी लिहिलाय त्यांना ही खोड कळवायला हवी. ते दुरुस्त करतील, किंवा तू मोठी होऊन करशील. लिनक्सचं बरं असतं, कुणीही हात लावू शकतं." त्यांनी चित्र पुसायला बोट पुढे केलं.

"नाना, आज नको. कळवूया नक्की, पण आज पुसू नका."

नानांनी बोट मागे घेतलं.

सकाळी खंडूनं पोहे केले. एरवी ऋजुता बहुधा स्वयंपाकघरातच खायची. आज तिनं ताटली उचलली, पाट ओढत बाहेर आणला आणि भिंतीकडे तोंड करून मांडला.